डाळिंबी आणि कवडी

१० ऑक्टोबर
आज बाजाराचा दिवस आणि दिवाळी तोंडावर. दुपारी वहिनीच्या मॅचिंग सेंटरात बसलो, तर टू बाय टू रुबियाच्या थप्प्यांवर झुंबड. जांब समर्थच्या एक काकू डाळिंबी साडीवर ब्लाऊजपीस शोधत होत्या. काउंटरवर एक तंतोतंत जुळला. वहिनी सवयीने म्हणाली, "काकू, बाहेर उजेडात नेऊन बघा." काकू पायरीवर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगं बाई, हा तर विटकरी दिसायला!" पीस परत थप्पीत गेला. गिऱ्हाईक गेल्यावर वहिनीने मला धरलं, "भावजी, तुम्ही सायन्स शिकवता. सांगा, हे कामून होतं?"

१२ ऑक्टोबर
बुटाच्या खोक्याला ब्लेडने बारीक चीर पाडली, आत जुन्या सीडीचा तुकडा तिरका बसवला. मुलांना हे खेळणं फार आवडतं. देवघरातला जुना साठ वॅटचा बल्ब यातून पाहिला की निळ्यापासून गडद लालपर्यंत सलग पट्टा दिसतो. निळ्याकडे मात्र अंधुक. दुकानातली एलईडी ट्यूब वेगळीच. आधी झगझगीत निळं, मग खाच, मग हिरवट-पिवळा फुगवटा, आणि लाल नीट सुरू व्हायच्या आतच विझतं.

पांढऱ्या एलईडीत निळा उजेड देणारी चिप असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. निळी एलईडी साधली म्हणून अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी उजाला योजना आली आणि स्वस्त बल्ब खेडोपाडी पोचले. वीजबिल खाली आलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण गडद लाल उजेडच तोकडा, तर डाळिंबी कापडाने परतवायचं काय? साडी आणि पीस वेगवेगळ्या रसायनांनी रंगवलेले. त्यांच्यातला फरक नेमका त्या गडद लाल भागात होता. ट्यूबखाली तो झाकला, उन्हात उघडा पडला.

१५ ऑक्टोबर
ट्यूबच्या खोक्यावर छापलंय: सीआरआय ८० पेक्षा जास्त. सीआरआय म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचे गुण. वहिनी म्हणते, म्हणजे फर्स्ट क्लास की. गुणपत्रिका कशी बनते ते तिला सांगायला बसलो.

प्रकाशाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने, सीआयईने, ही पद्धत १९६५ साली ठरवली आणि १९७४ साली सुधारली. रंगांचे ठरावीक नमुने घ्यायचे, ते या दिव्याखाली आणि एका आदर्श उजेडाखाली कसे दिसतील याचं गणित करायचं. फरकाला ४.६ ने गुणायचं आणि १०० मधून वजा करायचं. गणिताच्या वेळी कोणी माणूस बघत नसतो. डोळा आधीच सूत्रात बसवलेला असतो, तो १९३१ सालचा 'प्रमाण निरीक्षक'. त्यामागे संशोधक राइट यांनी तपासलेले दहा जण आणि गिल्ड यांचे सात, सगळे इंग्लंडातले. सतरा जणांच्या डोळ्यांची सरासरी जगभर चालते, आणि बऱ्यापैकी चालते हे नवलच.

खरी गोम पुढे आहे. छापलेला आकडा पहिल्या आठ नमुन्यांची सरासरी असतो, आणि ते आठही फिकट, मवाळ रंग. भडक लाल हा नववा नमुना. तो सरासरीत धरतच नाहीत. ऐंशी गुणांच्या एलईडीला या नवव्यात एक आकडी गुण, कधी शून्याच्याही खाली, असं सर्रास होतं. तेरावा नमुना माणसाच्या कातडीचा, तोही गोऱ्या युरोपीय कातडीचा. वहिनी यावर काही बोलली नाही. नवव्या नमुन्यावर मात्र भडकली. "लालच सोडला? मग लग्नसराईत विकायचं काय, अबोली?"

आता ९९ नमुन्यांची नवी पद्धतही आहे, अमेरिकेतल्या प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ मध्ये काढलेली. रंग किती खरा आणि किती भडक, याचे तीत वेगळे आकडे मिळतात. आमच्या बाजारातल्या खोक्यांवर ती अजून दिसली नाही. इलेक्ट्रिकलच्या दुकानात लालचे गुण विचारले, तर तो म्हणाला, "सर, वॅट सांगा."

१७ ऑक्टोबर
दाजींच्या घरी. परतीच्या पावसात कापूस भिजला, पहिल्या वेचणीतच कवडी, म्हणजे डागी पिवळट कापूस, निघाली. ओसरीत ढीग, वर जुना पिवळा बल्ब. आत्या आणि दोन बाया रात्री कवडी निवडत होत्या. सकाळी पाहिलं तर 'पांढऱ्या' ढिगात पिवळट कापूस भरपूर.

आता गंमत बघा. या बल्बाला सीआरआयमध्ये जवळजवळ पूर्ण शंभर! कारण पिवळसर दिव्याची तुलना तशाच पिवळसर, तापलेल्या वस्तूच्या उजेडाशी करतात. तो स्वतःच्याच भावाशी ताडला जातो. पण पांढरा आणि पिवळट यांतला भेद निळ्या उजेडात कळतो, आणि बल्बात निळं जेमतेम. म्हणजे डाळिंबीला ऐंशीवाली ट्यूब नापास, कवडीला शंभरवाला बल्ब नापास.

१८ ऑक्टोबर
सीआरआयच्या मुळाशीही कापूसच आहे, हे दाजींना सांगितलं. डोरोथी निकरसन १९२७ पासून अमेरिकेच्या कृषी खात्यात कापसाचा रंग मोजायच्या कामावर होत्या. तिकडची प्रतवारी उत्तरेकडच्या आकाशाच्या उजेडात चाले, कारण तो थंड, निळसर आणि दिवसभर फारसा न बदलणारा. ढगाळ दिवशीही तसाच उजेड दिव्याने कसा मिळवायचा, यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. सीआरआय घडवणाऱ्यांत पुढे त्याच होत्या. कापसाला कोणता उजेड हवा हे त्या बाईंना पक्कं ठाऊक होतं, तरी खोक्यावर एकच आकडा आला. दिवे विकणाऱ्यांना एकच आकडा परवडतो, असं माझं मत.

दाजींनी शांतपणे ऐकलं आणि मुद्द्याचं काढलं. "म्हणजे पिवळ्या बल्बात माल पांढरा दिसतो. मग व्यापाऱ्याला अंधार पडल्यावरच बोलावतो."

१९ ऑक्टोबर
वहिनीने दाराजवळ एक रिकामी फळी ठोकून घेतली. लाल, राणी, डाळिंबी, मरून आता तिथेच उलगडायचे. बाकीचे रंग आत ट्यूबखाली.

व्यापारी सातला आला. दाजींनी चहा दिला, बल्बाखालचा ढीग दाखवला. त्याने मूठभर कापूस उचलला, मोबाइलचा टॉर्च लावला आणि कवडी एकेक करून बाजूला टाकत गेला.