तीरकामठ्याचा मुलूख

नंदुरबारहून निघालेली मोटार प्रकाशे येथे तापी ओलांडते तेव्हा सातपुडा नुसता निळ्या रेघेसारखा दिसत असतो. पुढे शहाद्याच्या आसपास केळी, पपई आणि ऊस यांची इतकी दाटी, की हा मुलूख कोरडा असेल अशी शंकाही येऊ नये. पण धडगावचा घाट लागला की चित्र पालटते. उघडे डोंगर, उतारावरची शेते आणि प्रत्येक शेतात आपापले एकेक घर. गाव म्हणून एका ठिकाणी गोळा झालेली घरे इथे शोधू नयेत. भिल्लांचा पाडा असा विखरूनच वसतो.

या घरांच्या कुडाच्या भिंती बांबूच्या, टोपल्या बांबूच्या, कणग्याही बांबूच्या. त्याच बांबूची एक लवलवती वस्तू आढ्याला आडवी खोचलेली दिसते. ती म्हणजे कामठी, म्हणजेच धनुष्य. ‘भिल्ल’ हे नावच मुळी ‘बिल्’ किंवा ‘विल्’, म्हणजे धनुष्य, या द्राविडी शब्दावरून आले असे अनेक पंडित मानतात.

मी गेलो त्या पाड्यावर एक म्हातारबाबा अंगणात कामठी तासत बसले होते. बोलणे भिलोरीत, अधूनमधून मराठी. आणि लहानथोर सर्वांना सरसकट ‘तू’. त्या ‘तू’मध्ये जी आपुलकी आहे ती आपल्या शहरी ‘आपण’मध्ये सापडायची नाही.

“दादा, तू घाई करू नको,” ते म्हणाले, “वेळू घाई करत नाही.”

खरोखरच या कामात निम्मी कला वेळू निवडण्यात आहे. बांबू म्हणजे गवताचाच भाऊबंद. कोंब फुटला की एका पावसाळ्यात तो आपली सारी उंची गाठतो. त्यानंतर तो उंच होत नाही, नुसता पिकतो. पहिल्या वर्षीच्या वेळूवर पांढरी भुकटी असते. तो कामाचा नाही. तीनचार पावसाळे पाहिलेला, जाड भिंतीचा वेळू घ्यायचा. सातपुड्यासारख्या कोरड्या डोंगरात मानवेल जातीचा बांबू होतो, तो बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो. आणि तोडायचा तो थंडीत. पावसाळ्यातल्या रसरशीत वेळूला भुंगा लागतो आणि वर्षाच्या आत त्याचे पीठ होते.

तोडलेला वेळू उभा चिरून सावलीत वाळवायचा, मग कोयत्याने तासायचा. यातला मुख्य नियम असा, की तासायचे ते आतल्या बाजूने. बाहेरच्या हिरव्या सालीला हात लावायचा नाही. बांबूचे तंतू सालीजवळ सर्वांत दाट असतात. सारा जोर त्यांच्यात. बाबा दोनचार हात मारीत, कामठी गुडघ्याला लावून वाकवीत, डोळा बारीक करून बाक पाहत आणि पुन्हा कोयता उचलीत. एक बाजू ताठ राहिली तर सगळा ताण दुसऱ्या बाजूवर पडतो आणि कामठी तिथेच मोडते. दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत हा खेळ चालतो.

मला सर्वांत नवल वाटले ते दोरीचे. ती दोरी नव्हेच! वेळूच्याच सालीची एक बारीक, गुळगुळीत पट्टी काढून ती दोन्ही टोकांना जखडलेली असते. चामड्याची वादी पावसात सैल पडते. ही पट्टी सहसा दगा देत नाही. धनुष्य आणि प्रत्यंचा एकाच बेटातली!

बाणांचेही प्रकार आहेत. जनावरासाठी लोखंडी पात्याचा, पाखरासाठी बोथट गाठीचा. माशासाठी तर असा, की लागताच पाते काठीपासून सुटते, पण दोरीने बांधलेले राहते आणि काठी पाण्यावर तरंगून मासा कुठे आहे ते सांगते. जुन्या इंग्रजी ग्रंथांतही या युक्तीचे वर्णन आहे. त्या इंग्रजांना कामठीची ओळख दुसऱ्या अंगानेही झाली होती. १८१८ मध्ये खानदेश त्यांच्या हाती आला, तरी डोंगर काही शांत होईना. म्हणून १८२५ मध्ये औट्रॅमने भिल्लांचीच पलटण उभारली. त्यानंतरही १८५८ च्या एप्रिलात आंबापाणी येथे खाज्या नाईकाच्या भिल्लांनी इंग्रजांशी झुंज दिलीच.

आज शिकार नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती बंद झाली, आणि रान इतके विरळ झाले असताना ते योग्यच म्हणावे लागेल. मग कामठी कशाला? होळीला! अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीत आणि त्याआधीच्या भोंगऱ्या बाजारात तीरकामठा खांद्यावर घेऊन नाचणारे तरुण अजून दिसतात. शिवाय राजस्थानातल्या लिंबाराम या आदिवासी तिरंदाजाने बांबूच्या धनुष्यावर हात बसवून १९८८, १९९२ आणि १९९६ अशी तीन ऑलिंपिके गाठली, हेही विसरता येणार नाही.

मी विचारले, “बाबा, नातवाला शिकवलं का?”

“मारायला येतं त्याला,” ते म्हणाले, “करायला येत नाही.”

कारण अगदी साधे होते. नातू आश्रमशाळेत. तो घरी येतो दिवाळीत आणि उन्हाळ्यात. वेळू तोडायचा तो ऐन थंडीत. मुलगा आणि सून दिवाळी सरली की ऊसतोडीला गुजरातेत जातात, ते होळीच्या सुमारास परततात. म्हणजे होळीला कामठी नाचवायला हात आहेत, पण ती घडवायच्या दिवसांत घरात फक्त म्हातारी माणसे.

कायद्याने निदान वेळू तरी मोकळा केला. १९२७ च्या वनकायद्यात बांबूची गणना झाडांत होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरवून आदिवासींचा त्यावरील हक्क मान्य केला, आणि २०१७ मध्ये रानाबाहेरचा बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला. पण हक्क कागदावर मिळाला तरी तोडायला माणूस घरी हवा ना! शाळा सोडून मुलाने कोयता धरावा असे कोण म्हणेल? पोट सोडून बापाने घरी बसावे असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे? त्या भागातल्या आश्रमशाळांनी थंडीतले चार दिवस आणि एखादा असा म्हातारा गुरुजी आपल्या वर्गात घेतला, तर यातली एक गाठ तरी सुटेल.

तोवर मात्र दिवाळीच्या पणत्या विझल्या की दोन हंगाम एकदमच सुरू होतात. डोंगरात वेळू तोडणीला येतो, आणि खाली रस्त्यावर ऊसतोडीच्या मालमोटारी येऊन उभ्या राहतात.