बंद नाक, उघडा गॅस

मैत्रिणींनो, परवाची फजिती तुम्हांला सांगावी की नाही, दोन दिवस विचार करत होते. पण आमच्या मजल्यावर ती सगळ्यांना ठाऊक झालीच आहे. मग तुमच्यापासून काय लपवायचे!

सर्दीने डोके नुसते जड झाले होते. शाळेत रजा कळवली, वाफारा घेतला, दूध बारीक गॅसवर ठेवले आणि पाच मिनिटे पडते म्हटले, ती झोपच लागली. जाग आली ती दारावरच्या धपाधप थापांनी. कपाळाला बाम, अंगात विटका गाऊन, केस पिंजारलेले, अशीच उठले. दार उघडले आणि दिव्याच्या बटणाकडे हात नेला, तोच शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं, बटणाला हात लावू नकोस! जिन्यापर्यंत गॅसचा वास येतोय!"

मला बाजूला सारून त्यांनी आधी रेग्युलेटर बंद केला, मग खिडक्या सताड उघडल्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. मला मेलीला वास कुठला!

त्याआधीच्याच आठवड्यात सातवीच्या वर्गात मी ठासून सांगितले होते, की स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मरकॅप्टन मिसळतात. नाकच चोंदले असेल तर काय, हे एकाही मुलाने विचारले नाही. मला तरी कुठे सुचले?

काकूंचा नातू त्याच वर्गात आहे. जिन्यात उभा राहून सगळे बघत होता. सोमवारी पहिला तास माझाच आहे हो!