मायग्रेशन नावाची भानगड

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना 'मायग्रेशन' हा शब्द फार आवडतो. जुना डेटा इकडून उचलायचा, तिकडे ठेवायचा, झालं! ज्याचा डेटा असतो त्याला विचारा मात्र.

माझा मामा सांगलीत टॅक्सची प्रॅक्टिस करतो. हळदीचे अडते, दुकानदार, डॉक्टर, रिटायर्ड मास्तर अशा तीनेकशे पार्ट्या आणि गेली अठरा वर्षं एकच सॉफ्टवेअर. १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू होणार म्हटल्यावर ते बनवणाऱ्यांनी कळवून टाकलं, यापुढे अपडेट मिळणार नाही. लगेच मामाचा फोन. "अरे, एवढा इंजिनिअर झालास, दोन शनिवार ये की." दोनाचे सहा झाले. असो.

मुहूर्त जानेवारीचा धरला. ३१ डिसेंबरला उशिराची रिटर्न्स संपतात आणि मार्चची गडबड अजून लांब असते. जुलैत हा उद्योग काढला असता तर मामीने दोघांनाही घरात घेतलं नसतं.

नाव, पॅन, पत्ता, बँक खातं हे सगळं तासाभरात आलं. डेमो द्यायला आलेला मुलगा इथेच खूश होऊन निघून गेला. पण टॅक्सच्या कामात प्रत्येक वर्ष मागच्या वर्षाचा हात धरून येतं. घसारा वजा जाता उरलेली किंमत, मागून ओढत आणलेला तोटा... हे आकडे पार्टीने यंदा आणून दिलेल्या कागदांत नसतातच. ते फक्त जुन्या हिशोबात असतात.

एका मास्तरांचं उदाहरण सांगतो. निर्धारण वर्ष २०१९-२०मध्ये शेअर्समध्ये त्यांना ४ लाख १२ हजारांचा तोटा झाला होता. भांडवली तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो, म्हणजे निर्धारण वर्ष २०२७-२८पर्यंत. नव्या कायद्यात 'निर्धारण वर्ष' नाहीच, नुसतं 'कर वर्ष' आहे. त्या भाषेत मास्तरांची शेवटची संधी कर वर्ष २०२६-२७.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये रक्कम बरोबर आली, पण रिटर्न भरल्याची तारीख कोरी! रिटर्न मुदतीत भरलेलं असेल तरच हा तोटा पुढे नेता येतो, त्यामुळे तो रकाना शोभेचा नाही. ऑफिसातल्या काकूंनी मुकाट्याने त्यांची लाल वही काढली. २७ ऑगस्ट २०१९. मी म्हटलं, "काकू, मुदत तर ३१ जुलैची असते ना?" त्या हसल्या. "त्या वर्षी ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली होती. मास्तर दोन दिवस इथंच बसून होते."

त्यानंतर मी पद्धत बदलली. पोर्टलवरून आधी भरलेल्या रिटर्नची जेसन फाइल उतरवता येते. सगळ्यात किचकट अशा २५ पार्ट्या काकूंनीच निवडल्या (सोप्या निवडल्या की सगळंच जुळतं). त्यांचं मागच्या वर्षीचं रिटर्न नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा तयार केलं आणि भरलेल्या फाइलशी ताडून पाहिलं. २१ जुळली. तिघांच्या तारखा कोऱ्या होत्या, आणि एका डॉक्टरांचे ४० टक्के घसाऱ्याचे कॉम्प्युटर १५ टक्क्यांच्या मशिनरीत जाऊन बसले होते. ही चार सापडल्यावर उरलेल्या पार्ट्यांत नेमकं काय शोधायचं ते कळलं.

पाचव्या शनिवारी चहा पिताना काकूंनी हळूच विचारलं, "म्हणजे आता वही रद्दीत घालायची का रे?"

त्या बाई तीस वर्षं तिथे आहेत. त्यांना खरं तर वहीबद्दल विचारायचं नव्हतं, हे मलाही कळलं. मी मामाकडे पाहिलं. मामा म्हणाला, "वही कपाटात राहील. आणि जुळवणी तुमच्या सहीशिवाय एकही रिटर्न जाणार नाही."

जुना कॉम्प्युटर अजून कोपऱ्यात आहे, सांगलीच्या धुळीत. नव्यावर आता काकूच बसतात.

तुमच्याही ऑफिसात सॉफ्टवेअर बदलायचं घाटत असेल, तर डेमो नंतर बघा. लाल वही कुणाकडे आहे ते आधी शोधा.