धाकटीची वही

यंदा मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद वाटत होते, तेव्हा तिघीचौघींनी माझी नखं बघून विचारलं, "कुठे केलीस गं?" घरीच, धाकट्या बहिणीकडून, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटेना. दीड वर्षापूर्वी तिलाही वाटलं नसतं.

आमची धाकटी बी.कॉम. झाली, दोन वर्षं बँकेच्या परीक्षा दिल्या आणि एके दिवशी साठवलेल्या पैशांतून नेल टेक्निशियनचा कोर्स करून मोकळी झाली. बाबा म्हणाले, "नखं रंगवायला कोर्स?" मी बी.ई., दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारी, मीही हसले. ते हसणं तिने मनात ठेवलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

सर्टिफिकेट मिळालं आणि कपाटात गेलं. चार महिने. टेबलावर लावलेला सरावाचा प्लास्टिकचा हात मात्र रोज रंगत होता. (आजी पहिल्या दिवशी तो बघून दचकली, नंतर त्यावर जपमाळ अडकवायला लागली.) प्लास्टिकचा हात हलत नाही, त्याला दुखत नाही, त्याची नखं तेलकट नसतात आणि तो पैसे परत मागत नाही. खऱ्या माणसाचा हात घ्यायचा म्हटलं की हिला घाम फुटायचा. "कुणाचं नख खराब झालं तर, ताई?" एवढंच म्हणायची.

एका रविवारी मी समोर जाऊन बसले. "माझी कर. आणि फुकट नाही, पैसे देणार." फुकट म्हटलं असतं तर तिने तोही सरावच धरला असता. पार्लरमध्ये तास-दीड तासात होणाऱ्या कामाला तिने तीन तास लावले. हात थरथरत होता, पण फुलं सुरेख काढली. चौथ्या दिवशी दोन नखांवरचं जेल कडेने उचललं गेलं आणि वेणी घालताना त्यात केस अडकायला लागले.

दाखवू की नको? पार्लरमध्ये जाऊन गुपचूप काढून घ्यावं, असंही मनात आलं. पण टेस्टिंगमध्ये सापडलेली चूक दडवणारा सहकारी मला ऑफिसात मुळीच चालत नाही. दाखवलं. ती रडली. मग दहा मिनिटांनी आजोबांचं भिंग घेऊन आली.

एका नखावर क्युटिकलचा पातळ पापुद्रा राहून गेला होता, दुसऱ्यावर जेल कडेच्या कातडीपर्यंत गेलं होतं. जेल नखाला धरतं. मध्ये कातडी, तेल किंवा ओल राहिली की तिथूनच सुटतं. शिवाय ओलं जेल पुन्हा पुन्हा कातडीला लागलं तर ॲलर्जीही होऊ शकते, म्हणून ते पुसल्याशिवाय हात दिव्याखाली घालायचा नाही. हे सगळं तिला शिकवलेलं होतं. पण तीन तासांतले दोन तास फुलांवर गेले होते आणि तयारीवर जेमतेम दहा मिनिटं.

मी तिला एक वही दिली. प्रत्येक हाताची नोंद: तारीख, कोणतं जेल, दिव्याखाली किती सेकंद, काय सुटलं, कितव्या दिवशी. आत्या, काकू, दोन मैत्रिणी, समोरच्या बेन, असे अकरा हात झाले. आठव्यापासून "सुटलं" या रकान्यात रेघ दिसायला लागली. वेळ दीड तासावर आली.

मग नवरात्र आलं. बडोद्यात गरब्याच्या आधीच्या आठवड्यात नखांना किती मागणी असते, ते तुम्हाला सांगायला नको. पहिली अनोळखी गिऱ्हाईक अलकापुरीतून आली, कॉलेजातली मुलगी. आधीचं एक्सटेन्शन काढलं तर एका नखावर हिरवट डाग. मुलगी म्हणाली, "उपरथी करी आपो ने, कोने देखाय छे?"

मी आतल्या खोलीत कॉलवर होते. माईक बंद करून ऐकत राहिले. पहिलं गिऱ्हाईक, पहिले खरे पैसे. बाबा बाहेर पेपर वाचत होते. धाकटी शांतपणे म्हणाली, "आ नख हुं नहीं करूं. पहेलां स्किनना डॉक्टरने बतावो." बाकीची नखंही आज नकोत, असं सांगून तिने हत्यारं साफ करायला घेतली. मुलगी फणकारून निघून गेली. एरवी भाजीवाल्याशी घासाघीस करताना ज्या मुलीचा आवाज फुटत नाही, ती हीच.

बाबांनी विचारलं, "पैसे?"

"नाही घेतले."

त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या दिवशी मंगळ बाजारातून पांढऱ्या उजेडाचा टेबललॅम्प घेऊन आले. हिच्या टेबलावर उजेड कमी पडतो, म्हणाले. दिवाळीनंतर ती मुलगी नख बरं करून आली, आईला घेऊन. दोघींनी करून घेतली.

लॅम्पचं बिल बाबांनी तिच्या वहीला टाचणीने लावून ठेवलंय. वर त्यांच्या अक्षरात: "परत करणे."