आठ सेकंदांचा ब्रेक

आमच्याकडे कुणी भोवळ येऊन पडलं की मिनिटाभरात तीन गोष्टी हजर होतात. कांदा, चप्पल आणि सल्ला! पहिल्या दोन नाकाला लावतात, तिसरा आयुष्यभर पुरतो. 'सकाळी काही खाल्लं नव्हतंस ना?' 'डाएट-बिएट चालू आहे का?' आणि मग आईला बाजूला घेऊन, हळू आवाजात, 'फिट्स तर नाहीत ना हो? हिच्या लग्नाचं बघताय, म्हणून विचारलं...'

मी अहिल्यानगरची. 2024 मध्ये नाव बदललं, तरी बोलताना तोंडात अजून 'नगर'च येतं. वय 28, फ्रीलान्स पत्रकार आणि आजवर अकरा वेळा बेशुद्ध. शाळेत झेंडावंदनाला, शिर्डीत दर्शनाच्या रांगेत, मे महिन्यातल्या एका प्रचारसभेत (पुढाऱ्याचं भाषण संपायच्या आत!). गंमत म्हणजे आपल्या जिल्ह्यातलं कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, मी मजेत चढून आले. चालताना काही नाही, नुसतं उभं राहिलं की विकेट!

या कोड्याचं उत्तर पोटऱ्यांत आहे. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलत राहतात. एका जागी उभं राहिलं की हा पंप बंद. मग हृदय ठोके वाढवून वेळ निभावून नेतं. माझ्यासारख्यांच्या बाबतीत मात्र ऐनवेळी व्हेगस नावाची नस उलटीच ऑर्डर सोडते, ठोके कमी करा! त्यात रक्तवाहिन्याही सैल पडतात. बीपी कोसळतं, मेंदूला रक्त कमी पडतं आणि काही सेकंदांत माणूस आडवा. आडवं पडलं की रक्त पुन्हा मेंदूकडे जातं आणि शुद्ध येते. याला म्हणतात व्हॅसोव्हेगल सिंकोप.

हे नाव मला उशिरा कळलं. बेशुद्धीत हातपाय थोडे झटकले जातात. साध्या भोवळीतही असं होऊ शकतं, पण ते पाहून एका डॉक्टरांनी फिट्सच्या गोळ्या सुरू केल्या. दोन वर्षं मी पेंगत कॉपी लिहिली आणि तरी पडतच राहिले. शेवटी पुण्यात टिल्ट टेबल टेस्ट झाली. पट्ट्यांनी बांधून टेबल जवळजवळ उभं करतात आणि वाट बघतात, बस्स. विसाव्या मिनिटाला कानात गुंई झालं, डोळ्यांपुढे अंधार. नंतर डॉक्टरांनी ईसीजीचा कागद दाखवला. त्यावर आठ सेकंद सरळ रेघ! हृदयाने चक्क ब्रेक घेतला होता. ठोके आपोआप परत आले, असेच येतात, घाबरू नका, असं ते म्हणाले. आईला मात्र ती रेघ विसरता येईना.

त्याच भेटीत कार्डिओन्यूरोअ‍ॅब्लेशन हा शब्द पहिल्यांदा ऐकला. व्हेगसचे आदेश हृदयापर्यंत पोहोचवणाऱ्या चेतापेशींच्या छोट्या गाठी हृदयाच्या वरच्या कप्प्यांबाहेर, चरबीच्या थरात असतात. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर हृदयात न्यायचा आणि रेडिओ लहरींच्या उष्णतेने आतल्या बाजूने त्या गाठी जाळायच्या. ब्राझीलमधल्या साओ पावलोचे डॉ. पाशोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. छाती उघडायची नाही, अंगात मशीन बसवायचं नाही.

आईने लगेच ठरवलं, 'लग्नाआधी करून टाकू. कुणाला कळायचंही नाही.'

तिच्या बाजूने आकडेही होते. पोलंडमधल्या डॉक्टरांनी 2023 मध्ये 48 पेशंटवरची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांवर अ‍ॅब्लेशन, निम्म्यांना फक्त पाणी-मीठ-व्यायामाचे उपाय. दोन वर्षांत अ‍ॅब्लेशनवाल्या 24 पैकी दोघंच पुन्हा बेशुद्ध पडले, उरलेल्या 24 पैकी 13 जण. 'चोविसातले बावीस! अजून काय पाहिजे तुला?' आईचा सवाल बिनतोड होता.

पण पत्रकाराची खोड जात नाही. मी मागचं खणत बसले आणि पेसमेकरची गोष्ट सापडली. याच आजारावर 1999 मध्ये 54 पेशंटची चाचणी झाली होती. पेसमेकर बसवलेल्यांपैकी 22 टक्के पुन्हा पडले, न बसवलेल्यांपैकी 70 टक्के. सगळे खूश! मग 2003 मध्ये आणखी एक चाचणी झाली. या वेळी सगळ्या शंभर पेशंटना पेसमेकर बसवले, पण निम्म्यांचे ठोके देण्याचं काम बंद ठेवलं आणि कुणाचा चालू, कुणाचा बंद हे त्यांना सांगितलं नाही. दोन्ही गटांत खात्रीने सांगावा असा फरक निघालाच नाही! 'आपल्यावर इलाज झालाय' या दिलाशानेही बरीच माणसं पडायची थांबली होती. पुढे चाळिशीनंतरच्या, ठोके थांबणाऱ्या ठराविक पेशंटना पेसमेकरचा खरा उपयोग होतो, हेही अशाच आंधळ्या चाचण्यांनी दाखवलं. पोलंडच्या चाचणीत मात्र कुणावर अ‍ॅब्लेशन झालंय हे पेशंटना ठाऊक होतं.

शिवाय ज्यांचे ठोके ठीक राहतात पण रक्तवाहिन्याच सैल पडतात, त्यांना अ‍ॅब्लेशनचा फायदा होण्याची शक्यता कमी. हृदयाला छिद्र पडणं, गुठळी होणं हे धोके विरळा, पण खरे. नसा पुन्हा वाढू शकतात. आणि वीस-तीस वर्षांनी काय, याचं उत्तर इतक्या नव्या उपचाराकडे असणार कुठून? मला तर अजून पन्नास वर्षं जगायचंय!

तेव्हा मी नाही म्हटलंय. कायमचं नाही, सध्या. रोज अडीच लिटर पाणी, डॉक्टरांना विचारून थोडं जादा मीठ (बीपी जास्त असेल तर हा प्रयोग करू नका), रांगेत पाय एकमेकांवर घट्ट आवळून धरायचे, अंधारी आली की लाज सोडून खाली बसायचं. स्कूटी बंद, एसटी चालू. चौदा महिन्यांत एकदाच पडले. पूर्वसूचना न देता पडायला लागले, तर मी स्वतः त्या टेबलवर जाऊन झोपेन. पण ते पडणं थांबावं म्हणून. पाहुण्यांपासून लपवायला नाही. (तुमच्यापैकी कुणी धावताना, व्यायाम करताना पडत असेल किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मात्र हा लेख सोडा आणि आधी हृदयाचा डॉक्टर गाठा.)

गेल्या महिन्यात कांदेपोहे झाले. गच्चीवर बोलायला पाठवलं, तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं, आठ सेकंदांसकट. आता हा सल्ला देणार, या तयारीत मी होते. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे माझ्यासमोर पडलात, तर मी नेमकं काय करायचं?"

"उठवून बसवायचं नाही. आडवंच ठेवायचं, पाय वर करायचे."

"एवढंच?"

एवढंच! इतक्या वर्षांत हे विचारणारा तो पहिलाच.