धोत्र्याचे लाडू

कुंभार पिंपळगावी आमच्या परसाच्या पडक्या भिंतीपलीकडे कुंभारांच्या आव्याची राख आणि फुटक्या मडक्यांची खापरे पडलेली असत. त्या राखेत, कोणी न लावता आणि कोणी पाणी न घालता, धोत्रा माजे. दिवेलागणीला त्याची पांढरी, कर्ण्यासारखी फुले उमलत. पाऊसकाळ सरला की काटेरी फळे उलून आतले चपटे, मिरचीच्या बियांसारखे बी बाहेर डोकावू लागे. महाशिवरात्रीला आम्ही पोरे तीच फुले-फळे तोडून महादेवाला वाहत असू. एरवी मात्र धोत्र्याला हात लागला की आई राखेने हात धुवायला लावी. देवाला चालते ते आपल्याला का चालत नाही, असे मी एकदा विचारले. आई म्हणाली, "त्यानं हलाहल पचवलं, तू आधी ताक पचव."

घरात दमेकरी आत्याबाई होत्या. वैद्यबुवांच्या सांगण्यावरून त्या धोत्र्याची वाळलेली पाने निखाऱ्यावर टाकून धूर घेत. धाप उतरली की मला जवळ घेऊन कहाणी सांगत. त्यामुळे हे झाड वाईट आहे, यावर माझा कधी पुरता विश्वास बसला नाही. पुढे जे घडले त्याला ही गोष्टही थोडीफार कारण असावी.

१९६२ सालची दिवाळी. मी आठ वर्षांची, धाकटा भाऊ पाचाचा. आई चुलीपुढे करंज्या तळत होती आणि आम्हांला तिकडे फिरकायची बंदी होती. म्हणून आम्ही परसात भटुकली मांडली. मी डब्यातला गुळाचा खडा पळवला, धोत्र्याची दोन बोंडे फोडली आणि "तिळाचे लाडू" वळले. मी स्वैपाकीण, तेव्हा मी चाखण्याचा प्रश्नच नव्हता. पाहुणा तो होता. मी म्हटले, "खा," आणि त्याने खाल्ले.

दिवे लागेपर्यंत त्याचा चेहरा हिंगुळासारखा लाल झाला. अंग तापले, पण घामाचा टिपूस नाही. डोळ्यांची बुबुळे एवढी पसरली की डोळे नुसते काळेभोर दिसू लागले. तो हवेतून काहीतरी वेचू लागला, दाराशी नसलेल्या माणसांना "या, बसा" म्हणू लागला. आई समोर असून त्याने तिला ओळखले नाही. शेजारणी म्हणाल्या, बाहेरची बाधा आहे. आत्याबाईंनी मात्र त्याची कोरडी जीभ पाहिली आणि म्हणाल्या, "बाधा नाही, धोत्रा आहे हा." त्यांनी मिठाचे पाणी पाजून त्याला ओकायला लावले. रातोरात बैलगाडी जुंपून वडील त्याला घेऊन अंबडला गेले. तिसऱ्या दिवशी तो परत आला, तेव्हा त्याला काहीच आठवत नव्हते. बी त्याच्या पोटात गेले कसे, हे कोणी मला विचारले नाही. मीही सांगितले नाही.

पुढे मास्तरीण झाले. पुस्तके हाताशी आली तशी मी या झाडाच्या मागावरच राहिले. चीनमध्येही ते औषध आहे. दमा, खोकला आणि दुखणे यांवर तिथले वैद्य त्याचे फूल वापरतात. त्याचे एक जुने चिनी नाव 'मांतुओलुओ'. ते आपल्या 'मंदारव' शब्दावरून, बौद्ध ग्रंथांबरोबर तिकडे गेले. स्वर्गातल्या फुलाचे नाव उकिरड्यावरच्या झाडाला! ली शी-चेन नावाच्या वैद्याचा औषधींवरील थोर ग्रंथ १५९६ च्या सुमारास छापला गेला. त्यात तो लोकांचा एक समज सांगतो: हे फूल हसत तोडून दारूत घातले तर पिणारा हसतो, नाचत तोडले तर नाचतो. त्याने म्हणे स्वतः पिऊन पाहिले. निम्मी नशा चढल्यावर समोर कोणी हसले किंवा नाचले, तरच तसे होते! हे वाचून मी हसले आणि लगेच मला तो "या, बसा" आठवला.

जपानात हानाओका सेइशू या शल्यवैद्याने धोत्रा आणि बचनाग यांचे मिश्रण पाजून, १३ ऑक्टोबर १८०४ रोजी एका बाईच्या स्तनातली गाठ कापली. तिला वेदना कळल्या नाहीत. पश्चिमेकडे ईथरचा जाहीर प्रयोग झाला तो यानंतर ४२ वर्षांनी, १८४६ साली. औषधाची मात्रा बसवताना त्याने ते घरच्यांवर अजमावले असे सांगतात, आणि त्यात त्याच्या बायकोची दृष्टी गेली. त्या बायकोचा विचार माझ्या मनातून जात नाही. तिलाही कोणीतरी आपल्या माणसाने "घे" म्हटले असेल.

२००३ च्या श्रावणात भाऊ कपाशीवर मोनोक्रोटोफॉस फवारीत होता. वारा उलटा फिरला, सदरा भिजला आणि तो बांधावरच कोसळला. पुतण्याने त्याला जालन्याला नेले. मी औरंगाबादेहून पोचले, तेव्हा रात्र झाली होती. आणला तेव्हा तोंडाला फेस होता, अंग घामाने निथळत होते, बुबुळे टाचणीच्या टोकाएवढी झाली होती, असे पुतण्या म्हणाला. मला दिसला तो निराळाच. चेहरा लाल, तोंड कोरडे, डोळे काळेभोर, आणि बोटे चादरीवरून काहीतरी वेचीत होती. माझे पायच गळाले. एकेचाळीस वर्षांपूर्वीचा तो पाच वर्षांचा पोर खाटेवर पडला होता.

डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "बाई, घाबरू नका. हे ॲट्रोपिन आहे. विषाने छातीत पाणी साचतं, ते हे सुकवतं. छाती मोकळी होईपर्यंत आम्ही देतच राहतो. हे जरा भ्रमात बोलणं त्याचंच."

ॲट्रोपिन म्हणजे काय ते मला पुस्तकांतून ठाऊक होते. धोत्र्यातल्या विषांपैकी ते एक. माझ्या लाडवांतलेच.

चौथ्या दिवशी तो शुद्धीवर येऊन पेज पिऊ लागला. तेव्हा मी त्याला सगळे सांगितले. गूळ, बोंडे, भटुकली, काही ठेवले नाही. तो बराच वेळ छताकडे पाहत राहिला.

"कडू लागले होते, अक्का," तो म्हणाला.

"तुला आठवतं?"

"तेवढंच. कडू होते, म्हणून मी आधी वरचा गूळ चाटला. मग तू रुसशील म्हणून बाकीचे खाल्ले."

मग त्याने पेजेची वाटी पुढे केली आणि आणखी थोडे मीठ मागितले.