कृष्णाकाठी, सावकाश

थंडी पडली की अनेक घरांत ज्येष्ठांचे फिरणे सर्वांत आधी बंद होते. “बाहेर गारठा आहे, घरातच बसा,” असे आपण काळजीपोटी म्हणतो आणि तेही मुकाट्याने ऐकतात. परंतु दोन महिने बसून काढले की मांड्यांचे स्नायू क्षीण होतात, तोल डळमळू लागतो आणि उन्हाळ्यात तोच जिना चढवेनासा होतो. म्हणून हिवाळ्यात एक लहानसा प्रवास करावा, असे मी दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबांना सुचवतो. शनिवार-रविवार, एकच गाव, थोडे चालणे आणि हाती मोबाइलचा कॅमेरा. आज आपल्यासाठी मी वाई हे गाव निवडले आहे.

पुण्याहून वाई सुमारे ९० किलोमीटर. महाबळेश्वरला जाणारी गर्दी पसरणीच्या घाटाने वर निघून जाते. पायथ्याशी कृष्णेच्या काठी हे गाव आपल्या संथ लयीत नांदत असते. येथे चढ फारसे नाहीत, बसायला घाटाच्या पायऱ्या आहेत आणि पाहण्यासारखे सारे जवळजवळ आहे.

गेल्या हिवाळ्यात माझे ७९ वर्षांचे सासरे आमच्याबरोबर होते. काही महिन्यांपूर्वी ते घरात पडले होते. हाड शाबूत राहिले, पण हिय्या मोडला. घरातल्या घरातही भिंत धरून चालत. तरुणपणी त्यांना छायाचित्रणाचा नाद होता. ३६ फोटोंचा रोल महिनाभर पुरवून वापरण्याची ती पिढी.

शनिवारी आम्ही न्याहारी करून नऊच्या सुमारास घाटावर गेलो. पहाटेच्या गारठ्यात रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून ज्येष्ठांनी ऊन अंगावर येईपर्यंत थांबावे, कान-नाक मफलरने झाकावे आणि प्रवास आहे म्हणून रक्तदाबाची गोळी चुकवू नये. छायाचित्रासाठीही ही वेळ उत्तम. हिवाळ्यातले ऊन तिरपे असते, सावल्या लांब पडतात आणि काळा दगड उजळून दिसतो.

ढोल्या गणपतीचे देऊळ सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा तिच्यावर दुभंगावा, अशी ती योजना. सासऱ्यांना हा आकार एका चौकटीत हवा होता. ते दोन पावले मागे गेले, थांबले, डावीकडे सरले, पुन्हा थांबले. तासाभरात त्यांनी केवळ पाच फोटो काढले. मात्र त्या तासात त्यांचा हात एकदाही आधार शोधत गेला नाही.

यातले मर्म काळजीवाहकांनी ध्यानात घ्यावे. पडण्याची भीती बसलेल्या माणसाचे सारे लक्ष स्वतःच्या पावलांत अडकते आणि अंग ताठरते. कॅमेरा ते लक्ष बाहेर नेतो. शिवाय तो थांबण्यास मानाचे कारण देतो. “दमलात का?” हा प्रश्न कोणी विचारत नाही, फोटोसाठी थांबलेला माणूस थकलेला ठरत नाही. पथ्य एवढेच, की चालताना पडद्याकडे पाहू नये. आधी थांबावे, पाय किंचित फाकवून उभे राहावे, कोपरे बरगड्यांना टेकवावीत आणि मग फोटो घ्यावा. हातही कापत नाही, तोलही जात नाही.

दुपारी विश्रांती घेऊन चारनंतर आम्ही मेणवलीला गेलो. वाईपासून अवघ्या तीन किलोमीटरवर नाना फडणवीसांचा वाडा आहे. मागे कृष्णेचा घाट असून तेथे वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेली पोर्तुगीज चर्चमधील घंटा आजही टांगलेली आहे. सासऱ्यांना पाण्यातले प्रतिबिंब टिपायचे होते आणि त्यासाठी पायऱ्या उतरणे भाग होते. माझी पत्नी लगेच म्हणाली, “नाही हं, बाबा.” त्यांचा चेहरा उतरला.

पायऱ्या कोरड्या आणि रुंद होत्या. दुभिंगी चष्म्याच्या खालच्या भागातून पायरीची कड अंधुक दिसते, म्हणून मी त्यांना मान नीट वाकवून वरच्या काचेतून पाहायला सांगितले. उतरताना दुखरा पाय आधी आणि चढताना चांगला पाय आधी, हा नियम. काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. मी एक पायरी खाली, पत्नी शेजारी. आठ पायऱ्या उतरल्यावर ते स्वतःच म्हणाले, “इथून पुरे. खाली शेवाळ दिसतंय.” आणि तेथूनच त्यांनी फोटो घेतला.

ती मर्यादा त्यांनी आखली, हे मला प्रतिबिंबाहून मोलाचे वाटले. संरक्षण देताना आपण ज्येष्ठांचा निर्णयच काढून घेतो. आधार द्यावा, धोका स्पष्ट सांगावा. मात्र कोठे थांबायचे हे शक्य तेवढे त्यांनाच ठरवू द्यावे.

आपण निघाल तेव्हा काही गोष्टी सांभाळा. थंडीत तहान लागत नाही, तरी पाणी घोट-घोट पीत राहा. मधुमेहींनी खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. बसल्या जागेवरून उठताना क्षणभर थांबावे. छातीत दडपण आले, धाप लागली किंवा घाम फुटला, तर तत्काळ बसावे आणि रुग्णालय गाठावे. फोटो नंतरही निघतील. हृदयविकार असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारूनच बेत आखावा.

आणि परतल्यावर छायाचित्रे मोबाइलमध्येच पडून राहू देऊ नका. दोन-चार कागदावर छापून घ्या, आजी-आजोबांच्या खोलीत लावा. येणारा-जाणारा विचारील, “हे कोणी काढले?” त्या प्रश्नाचे उत्तर देताना माणूस पुढच्या फिरण्याचा बेत आपणहून सांगू लागतो.